मी हलले नाही म्हणून

मला झोप लागत नाही, हे मी दवाखान्यात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मोठे डॉक्टर फाइलवरून नजर न उचलता म्हणाले, "बाई, जीव वाचलाय. झोपेचं काय घेऊन बसलात?"

पंचवीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेली बाई मी. वर्गात कुणी अर्धवट उत्तर दिलं तर पूर्ण वाक्य बोलेपर्यंत त्याला खाली बसू देत नाही. पण त्या खोलीत माझंच वाक्य अर्धवट राहायचं. डावा स्तन काढलेला, डोक्यावर केस नुकते बोटभर आलेले, आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी ज्यांच्या हातात तेच समोर बसलेले. त्यांच्याशी वाद कोण घालणार? राग मात्र आला, आणि तो आत साठत गेला.

ऑपरेशन झालं, केमो झाले, रेडिएशनचे शेक झाले. मग रोजची एक गोळी सुरू झाली. आजार परत येऊ नये म्हणून ती कित्येक वर्षं घ्यायची असते. गोळीबद्दल माझी तक्रार नाही, ती मी एक दिवसही चुकवली नाही. पण तिच्यामुळे अंगातून वाफा निघायच्या. छातीपासून आग सुरू होऊन कानशिलापर्यंत चढायची आणि गाऊन पाठीला चिकटायचा. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात बाहेरची भिंतसुद्धा संध्याकाळपर्यंत तापलेली असते, त्यात ही आतली भट्टी. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डावा हात सुजायचा. त्या कुशीवर झोपायचं नाही, हात उशीवर उंच ठेवायचा. तपासणीची तारीख जवळ आली की जुने रिपोर्ट पुन्हा पुन्हा काढून वाचत बसायची, ते आणखी वेगळं.

आमचं घर जुळे सोलापुरात, दोन खोल्यांचं. आमचे हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि झोपेचे फार सावध. केमोच्या दिवसांत मी नुसती कूस बदलली तरी हे ताडकन उठून दिवा लावायचे. "काय होतंय? दवाखान्यात जायचं का?" मग उजाडेपर्यंत उशाशी बसून राहायचे आणि तांबारलेल्या डोळ्यांनी ऑफिसला जायचे. त्यांना ब्लडप्रेशर. दोघांपैकी एकाने तरी धड राहायला हवं होतं. म्हणून मी न हलायला शिकले. उताणी पडायचं, हात उशीवर, डोळे मिटलेले, श्वास एका लयीत. आग चढली तरी पांघरूण झटकायचं नाही. हे मला इतकं जमायला लागलं की हे कौतुकाने शेजाऱ्यांना सांगायचे, "आता शांत झोपते हो."

कुणाला सांगितलंच नाही असं नाही. नणंद म्हणाली, वय झालं की झोप कमी होतेच. शाळेतल्या बाई म्हणाल्या, झोपताना नामस्मरण करा. अक्कलकोटला जाऊन या असं तर जो तो सांगायचा. जाऊनही आले. दर्शनाने मन निवलं, अंगातली आग निवली नाही. सगळ्यांच्या बोलण्यात एकच सूर होता: आता सगळं झालं ना? मग आता काय उरलं? जणू बरी झालेल्या बाईला तक्रार करायची परवानगीच नसते. आभार मानायचे आणि गप्प राहायचं.

तिसऱ्या वर्षी बुधवारच्या तपासणीला गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर एक तरुण डॉक्टर मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. हातात कागदांचा गठ्ठा, डोळ्यांखाली काळं. "काकू, मी हितंच शिकते," ती म्हणाली आणि लगेच सुधारून, "इथेच शिकते. छातीच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांची झोप कशी असते, त्यावर मला प्रबंध लिहायचाय. तुम्हाला झोप कशी लागते, ते सांगाल का?"

मला एकदम हुंदका आला. तीन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती बिचारी घाबरली, पाण्याची बाटली पुढे करत म्हणाली, "काकू, नको असलं तर राहू दे." मी म्हटलं, "नको कसं? आण तो फॉर्म."

फॉर्म चार पानी होता. वाचायला लागले आणि डोळ्यांतलं पाणी आटलं. मराठी म्हणायचं त्याला? 'निद्रेचा प्रारंभ होण्यास लागणारा कालावधी.' 'आपल्या शय्यासोबत्याने निदर्शनास आणून दिलेल्या बाबी.' शय्यासोबती! मी तिला विचारलं, "हा शब्द तुझ्या गावात कुणी वापरतं का?" ती लाजली. "मी माळशिरसकडची. आमच्याकडं असं म्हटलं तर बाया मारतील."

एका ठिकाणी विचारलं होतं, फार थंडी वाजल्यामुळे झोपमोड होते का. सोलापुरात! पण घाम, वाफा, अंगाची आग याबद्दल प्रश्न नाही. हात सुजून जड होतो, त्याचा प्रश्न नाही. आजार परत आला तर काय, या भीतीचा नाही. चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं आणि तेही पहाटे, तेव्हा उठून पिंपं भरावी लागतात, हे तर फॉर्म लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार. शेवटी 'इतर कारणे, असल्यास' असं लिहून एक ओळ सोडलेली. एक ओळ! मी कागद उलटला आणि पाठीमागे लिहायला लागले. पान भरलं तेव्हा दुसऱ्या पानाची पाठ घेतली.

फॉर्म गोळा करणारा क्लार्क म्हणाला, "बाई, मागं लिहायचं नसतं. मागचं कॉम्प्युटरवर चढत नाही."

"मग कॉम्प्युटरला सांगा, पान उलटायला शीक."

त्याने फॉर्म घेतला, पण तोंड असं केलं की मीच काहीतरी नासधूस केलीय.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसल्या होत्या. त्यांना मी दर खेपेला पाहायची. शहराच्या पूर्वभागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या; आयुष्यभर घरात विड्या वळल्या. त्यांचाही डावाच स्तन काढलेला. मी त्यांना अक्का म्हणायची, त्या मला बाई. त्यांच्याबरोबर नेहमी नवरा असायचा, पूर्वी पॉवरलूमवर काम केलेला, आता घरीच. डॉक्टर मुलगी अक्कांसमोर बसली आणि तिने विचारलं, "झोप कशी लागते?"

नवऱ्याने उत्तर दिलं. "चांगली लागते. पडली की घोरते."

"मधे जाग येते का?"

"कशाला येते? सकाळीच उठते."

"दिवसा थकवा वाटतो का?"

"ते वयाचं हाय."

अक्का फरशीकडे बघत होत्या. एका प्रश्नालाही त्यांनी मान हलवली नाही. मुलीने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं, पण मागे रांग लांब होती. तिने खुणा केल्या आणि उठली. मीही काही बोलले नाही. याबद्दल मी स्वतःवर अजून चिडते. माझ्या दोन पानांच्या पाठी भरताना मला धीर होता, अक्कांसाठी तोंड उघडताना तो कुठे गेला?

नवरा औषधांच्या खिडकीशी गेला तेव्हा मी सरकून विचारलं, "अक्का, खरंच घोरता?"

अक्का कडवट हसल्या. "घोरतंय ते सून, बाई. आमी भिताडाला टेकून बसतो. आडवं पडलं की हात धोंड्यावानी जड होतंय. सगळे एकाच खोलीत झोपतात, दिवा लावलं तर शिव्या." पदराखालून त्यांनी हात बाहेर काढला. मनगटापासून कोपरापर्यंत तो माझ्या हाताच्या दीडपट झाला होता. बांगड्या कधीच काढून टाकलेल्या, आणि कातडी तुकतुकीत ताणलेली.

"डॉक्टरांना दाखवलात?"

"ह्यांनी सांगितलं की, सगळं बरं हाय म्हणून."

त्या दिवशी आम्हा दोघींना आणि आणखी काही जणींना ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या मनगटावर बांधायला घड्याळासारखं एक यंत्र दिलं. सात दिवस काढायचं नाही. सोबत एक कागद, त्यावर आडवं कधी झालात आणि उठलात कधी एवढं लिहायचं. यंत्र झोप मोजतं, असं मुलीने सांगितलं. मला फार बरं वाटलं. माणसांनी विश्वास ठेवला नाही, निदान यंत्र तरी माझी साक्ष देईल. सातही रात्री मी नेहमीसारखी पडून राहिले, उताणी आणि निश्चल, छताच्या पंख्याचा आवाज ऐकत.

दोन आठवड्यांनी मुलीने मला आत बोलावलं. मोठे डॉक्टरही तिथे होते. तेच तिचे मार्गदर्शक. तिने कागद पुढे केला, पण माझ्याकडे बघायचं टाळलं. कागदावर आलेख होता आणि खाली लिहिलं होतं: झोपेची गुणवत्ता चांगली.

मी कागद उलटसुलट केला. "हा दुसऱ्या कुणाचा आला असेल."

"नाही काकू, तुमचाच आहे."

"मी सात दिवस जेमतेम डुलकी काढलीय."

मोठे डॉक्टर हसले. दयाळूपणाने हसले, आणि तेच मला जास्त लागलं. "असं होतं बाई. पुष्कळ पेशंटना वाटतं की आपण जागेच होतो. प्रत्यक्षात झोप लागलेली असते."

"हे यंत्र नेमकं काय मोजतं?"

उत्तर मुलीने दिलं, अगदी हळू. "हालचाल. हात हलला तर जाग, नाही हलला तर झोप."

मग जे आत साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. "म्हणजे मढ्याला यात पैकीच्या पैकी मार्क मिळतील! डॉक्टर, मी हलत नाही, कारण हलले तर माझा नवरा जागा होतो. हलले तर हात ठणकतो. तीन वर्षं न हलण्याचा सराव केलाय मी. तुम्ही माझी झोप नाही मोजलीत, माझी सहनशक्ती मोजलीत, आणि तिला चांगली म्हणून शिक्का मारलात. मी दोन पानं लिहून दिली होती, ती कुणी वाचली?"

मुलगी म्हणाली, "मी वाचली, काकू. पण ती धरायची कशात, ते..."

"फॉर्म ठरलेला असतो बाई," मोठे डॉक्टर म्हणाले. आता ते हसत नव्हते. "जगभर हाच वापरतात. मनाला येईल तसा बदलता येत नाही."

"बदलू नका. पण ज्या बाईला विचारताय तिला कळेल असा विचारा, आणि उत्तर तिचं तिला देऊ द्या. बाहेरच्या बाकावर एक बाई बसलीय. तिची झोप तिच्या नवऱ्याने सांगितली. तिचा हात कुणी उघडून पाहिलाय का?"

मोठ्या डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. ते घड्याळ बघून वॉर्डात निघून गेले. जाताना म्हणाले, "बाईंना जरा समजावून सांग."

दार लागलं तशी मुलगी खुर्चीत बसली. तिचे डोळे भरले होते. "काकू, माझी डिग्री अडकलीय यात. मी भांडू नाही शकत. पण फॉर्म वेगळ्या खोलीत विचारायचा नाही, असं कुठं लिहिलेलं नाही. पुढच्या बुधवारी तुम्ही याल का? तेलुगू येणाऱ्या एक सिस्टर हायेत, त्यांना मी सांगते."

त्या दिवशी घरी आले. यांनी कागद वाचला आणि आनंदाने म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना? चांगली झोपतेस की!" त्यांचा काय दोष होता? पण मी इतकी चिडले की ताट तसंच ठेवून उठले. रात्री निजण्याआधी त्यांना समोर बसवलं आणि तीन वर्षांचं सगळं सांगितलं. त्यांनी तो कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला उठवायचं होतंस."

"उठवलं असतं तर तुम्हीच आजारी पडला असता."

"मग पडलो असतो," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी कॉट बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली नेली. नणंदेला हे कळलं तेव्हा तिने फोनवर विचारलं, "भांडलात की काय?" मी म्हटलं, "हो, त्या घड्याळाशी."

बुधवारी मी शाळेतून अर्धी रजा घेऊन गेले. मुलीने ड्रेसिंगच्या खोलीत दोन खुर्च्या टाकल्या होत्या आणि तेलुगू सिस्टर तिथे उभ्या होत्या. अक्कांना आत बोलावलं तसा त्यांचा नवराही निघाला. मुलगी दारात उभी राहिली. "बाबा, तुम्ही बाहेर बसा."

"कशाला? हिला काय सांगता येत नाय. मीच सांगतो."

मुलगी गांगरली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काच मागे वळल्या. आधी तेलुगूत काहीतरी ताडकन बोलल्या, मग आमच्यासाठी मराठीत म्हणाल्या, "तुमी भायेर बसा की. झोप माजी हाय."

नवऱ्याने हातातली फाइल अक्कांकडे दिली. मग बाकावर जाऊन बसला.

आत पाऊण तास लागला. प्रश्न फॉर्ममधलेच होते. 'निद्रेचा प्रारंभ' मुलीने आपल्या माळशिरसच्या बोलीत विचारला, "आडवं पडल्यावर डोळा कवा लागतो?", आणि सिस्टरने तो तेलुगूत सांगितला. मी एका वेगळ्या कागदावर लिहून घेत होते. अक्कांनी हात दाखवला तेव्हा मुलीच्या तोंडून "आई गं" निघालं. तिने टेप आणून दोन्ही हात मोजले आणि आपला प्रबंध बाजूला ठेवून तिथल्या तिथे फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहिली. ही सूज आधीच ओळखून पट्टी बांधली असती तर इतकी वाढली नसती, असं तिने सांगितलं. तीन वर्षं ती बाई याच बाकावर येऊन बसत होती. हात पदराखाली होता एवढंच. पदर बाजूला करा, असं म्हणायला कुणाला वेळ झाला नव्हता.

अक्कांनंतर आणखी बायका आत आल्या. एक मुस्लिम आपा होत्या, चादरीच्या दुकानात हिशेब बघणाऱ्या. त्यांनी सांगितलं की घरात नीज येत नाही म्हणून त्या दुपारी माहेरी जाऊन झोपतात, आणि सासरी सांगतात की आईचे पाय दाबायला गेले होते. सांगताना त्या हसत होत्या आणि मला संतापाने लिहवत नव्हतं. झोपण्यासाठीसुद्धा बाईने सबब शोधायची!

असे पाच-सहा बुधवार मी गेले. मुलीने आमचे ते वेगळे कागद प्रबंधाच्या शेवटी जोडले आणि एक परिच्छेद लिहिला: यंत्राने जे सांगितलं आणि बायकांनी एकट्या असताना जे सांगितलं, ते पुष्कळदा जुळलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी तो परिच्छेद आधी खोडला होता. मुलीने पुन्हा लिहिला. त्यांनी पुन्हा खोडला, तिने तिसऱ्यांदा लिहिला. शेवटी वैतागून, "राहू दे, कोण वाचतंय," असं म्हणत त्यांनी सही केली. हे मला तिने फोनवर सांगितलं, पास झाल्यावर. "काकू, मी भांडले की!" तिच्या आवाजात तिलाच नवल वाटत होतं.

माझ्या वाफांसाठी तिने दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली होती. त्यांनी पाच मिनिटं नीट ऐकून घेतलं आणि एक औषध जोडून दिलं. वाफा गेल्या नाहीत, पण पुष्कळ कमी झाल्या. म्हणजे उपाय होता. तीन वर्षं तो उपाय त्याच इमारतीत, दोन जिने वर बसलेला होता. याचा विचार आला की आजही मला हातातली वस्तू खाली ठेवावी लागते.

अक्कांच्या हाताला आता पट्टी असते. सूज उतरली आहे, पूर्ण नाही. त्या आडव्या होऊन झोपतात, सुनेने त्यांना भिंतीकडची जागा आणि एक जादा उशी दिली आहे. नवरा अजूनही बरोबर येतो, पण दाराशी आला की आपणहून बाकाकडे वळतो.

मी दवाखान्याला एक पत्र दिलं. बऱ्या झालेल्या प्रत्येक बाईला झोपेबद्दल एकटीला विचारावं, कळेल अशा भाषेत विचारावं, आणि सुजेचा हात उघडून पाहावा, एवढंच त्यात होतं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरीला गेली. गेल्या बुधवारी तपासणीला गेले तर एक नवा डॉक्टर तोच चार पानी फॉर्म घेऊन फिरत होता, आणि माझ्यासमोरच्या बाकावर एका सुनेने सासूच्या वतीने सांगायला सुरुवात केली होती, "त्यांना काही त्रास नाही, छान झोपतात."

मी उठले, सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्या डॉक्टरला म्हटलं, "जरा थांबा. यांना बोलू द्या."